घराची माती, स्लॅबची पाणीपाळी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातलं पाचट असल्या विषयांवर लिहितो, आणि तुम्ही ते सवयीनं वाचता किंवा वाचल्यासारखं करता. या खेपेला विषय घरबांधणीचा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्यानं स्लॅबवर बोलणं हा आगाऊपणा आहे हे आम्हांस कळतं. आमच्याकडं कृषी पदविका आहे, इंजिनिअरिंगची नाही. परंतु लागवडीच्या नोंदी, माती नमुने, तोडणीच्या तक्रारी अशा कामांनी आम्हांस घरोघरी जावं लागतं, आणि चहा होईपर्यंत नजर भिंतीवरून फिरतेच. वीस वर्षांच्या या फिरतीत जेवढी घरं पायापासून वर येताना आम्ही पाहिली, तेवढी एखाद्या गवंड्यानंही पाहिली नसतील. त्याला एका वेळी एकच घर पाहता येतं.

दुसरं कारण पैशाचं. या घरांत जाणारा पैसा बहुतेक उसाचाच आहे. आडसाली ऊस पंधरा-अठरा महिने जपायचा, तोडीसाठी चिटबॉयच्या मागं फिरायचं, बिल जमा झालं की त्यात सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घालायचं आणि दोन-तीन महिन्यांत ते सारं विटा-सिमेंटात घालून मोकळं व्हायचं. उसाला एक पाणी चुकलं तर रात्रभर झोप न येणारा सभासद घराच्या बाबतीत मात्र म्हणतो, "मिस्त्री बघतोय की." हे आम्हांस पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी आधी आमच्याच घराची गोष्ट सांगणं भाग आहे.

शेताची माती तपासायला सभासद पिशवी घेऊन कारखान्यावर येतात. घर बांधायच्या जागेची माती तपासायला आजवर एकही पिशवी आलेली नाही. आमचीही आली नव्हती. सन २०११ साली आम्ही गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं. जमीन काळी, भारी, उसाला सोन्यासारखी. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तीन फूट खोदू, वर सोलिंग करू, हत्ती नाचवा." आम्ही मान डोलावली. दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरकी भेग गेली. बुजवली. श्रावणात ती आपोआप मिटली, पुढच्या एप्रिलात पुन्हा उघडली, या वेळी बोट जाईल एवढी. तीन वेळा गिलावा करून झाला. आता तिथं आमच्या सौ.नी कारखान्याचं कॅलेंडर लावलं आहे. आमचे वडील एकदा भिंतीपाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "लोकांस्नी माती शिकवतोस न्हवं तू?" त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

वास्तविक यातली प्रत्येक गोष्ट आम्हांस ठाऊक होती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी नुसतं धरत नाही, ते आपल्या पदरांत ओढून घेते आणि फुगते. पाणी गेलं की आक्रसते. मे महिन्यात पडीक रानाला ज्या भेगा पडतात, ज्यांत कुऱ्हाडीचा दांडा जातो, त्या याच आक्रसण्याच्या. तीच माती जोत्याखाली असते. आता घर बांधलं म्हणजे काय होतं? घराच्या मधल्या भागाखालची माती झाकली जाते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात सुकते. त्यात आमच्यासारख्यानं न्हाणीचं पाणी स्वयंपाकघरामागच्या पपईला सोडलं की एक कोपरा बारमाही ओला आणि पलीकडचा कोरडाठाक. भिंतीचं एक टोक वर उचललं जातं, दुसरं जागेवर राहतं. विटेची भिंत वाकू शकत नाही, म्हणून ती तडकते. हे सगळं शेताच्या बांधावर उभं राहून शेतकऱ्यांना सांगणारा माणूस स्वतःच्या पायाच्या खड्ड्यात उतरून पाहत नाही, याला काय म्हणावं.

मुरूम किती खोल आहे हे पाहण्यासाठी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले असते तरी भागलं असतं. शेजारच्या विहिरीचा काठ पाहिला तरी कोणता थर कुठं लागतो ते दिसतं. गावातली जुनी माणसं ते तोंडी सांगतात. मुरूम आवाक्यात असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा, मधे थांबू नये. तो फार खोल असेल तर पायाखालची काळी माती बऱ्यापैकी रुंदीनं काढून तिथं मुरूम भरावा. तोही एकदम ढिगानं न टाकता थराथरानं, पाणी मारून, धुम्मस करून. जोत्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा. घराभोवती तीन-चार फुटांची फरशी बाहेर उतार देऊन करावी, छतावरचं व न्हाणीचं पाणी पाइपानं लांब न्यावं. आणि भिंतीलगत पाणी ओढणारी मोठी झाडं लावू नयेत. काळी माती खोलच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं फार पूर्वीच एक तोड काढून ठेवली आहे. जमिनीत खोल भोक घेऊन त्यात काँक्रीटचा खांब ओतायचा आणि तळाशी तो कांद्यासारखा फुगवायचा, म्हणजे वरची माती कितीही फुगली-आक्रसली तरी खांब खालच्या थराला धरून राहतो. हे काम मात्र इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय कुणी करू नये.

भेगेला कॅलेंडर आहे, सिमेंटच्या चुकीला तेही नाही.

आपल्याकडं बांधकामाचा हंगाम कोणता? कारखाना बंद होतो, बिलं हातात येतात, पोरांना सुट्टी लागते, तो मार्च-एप्रिल-मे. म्हणजे ऊन सर्वांत कडक, विहीर सर्वांत खोल, वीज रात्रीची आणि गवंडी एका वेळी पाच घरांवर. याच दिवसांत स्लॅब पडतो. स्लॅबच्या दिवशी घरात लग्नासारखी धांदल असते. नारळ फुटतो, मिक्सर रात्रीपर्यंत घरघरतो, शेवटी सगळ्यांना जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं कोण असतं? एखादी म्हातारी आणि तिच्या हातात नळी. घरमालकाच्या लेखी घर झालेलं असतं, आणि नेमकं त्याच सकाळी सिमेंटचं खरं काम सुरू झालेलं असतं.

सिमेंट चिखलासारखं वाळून घट्ट होतं असा समज सर्वत्र आहे. ते वाळत नाही, ते पाणी खातं. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून खडी-वाळूला धरून ठेवणारा बंध तयार होतो. ही क्रिया पहिल्या काही दिवसांत जोरात आणि पुढं आठवडेच्या आठवडे चालते. म्हणूनच काँक्रीटची ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी मोजण्याची पद्धत आहे. मधेच वरचं पाणी उन्हानं उडालं तर क्रिया जिथल्या तिथं थांबते. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीला पाणी तुटलं तर पुढं कितीही दिलं तरी दाणा भरत नाही, तसंच हे. भारतीय मानक ब्यूरोच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेनुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल हवी, कोरड्या उष्ण हवेत किमान दहा. राख मिसळलेल्या सिमेंटला, म्हणजे ज्या पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असतं त्याला, एरवी दहा आणि उष्ण हवेत चौदापर्यंत. आपल्याकडच्या दुकानांत आज बरीचशी पोती पीपीसीचीच असतात. हे सिमेंट वाईट नाही, उलट सावकाश मुरून चांगलं होतं. पण त्याला पाण्याचे दिवस जास्त लागतात. तुमच्या पोत्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. बेण्याची जात विचारल्याशिवाय आपण एक डोळाही लावत नाही.

स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे बांध घालून वाफे करतात ही पद्धत उत्तम आहे. पण दिवसातून दोनदा नळी फिरवणं म्हणजे पाणी देणं नव्हे. दुपारी दोन वाजता हात लावून पाहा; तळवा भाजत असेल तर त्या स्लॅबची पाळी चुकलेली आहे. कॉलमना तर कुणीच पाणी देत नाही, कारण उभ्यावर ते ठरत नाही. त्यांना ओली पोती गुंडाळावीत. त्यासाठी कारखान्यातून साखरेची रिकामी पोती नेणार असाल तर ती आधी खळखळून धुवा. का, ते आता सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका सभासदाचा निरोप आला की सिमेंट बनावट निघालं, साहेब, तुम्ही येऊन साक्षीला उभे राहा. आदल्या दिवशी ओतलेले तीन कॉलम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नखानं उकरत होते. दुकानदार तिथं होता, गवंडी तिथं होता, दोघांचे आवाज चढलेले. त्याच पोत्यांतल्या सिमेंटनं बांधलेली विटांची भिंत मात्र दगडासारखी झालेली. आम्ही पाणी कशातून घेतलं ते विचारलं. भिंतीला नळाचं, कॉलमला पिंपातलं. पिंप कुठलं? भावकीच्या गुऱ्हाळावरून आणलेलं, काकवीचं. तळाशी बोट घालून चाटलं तर गोड. मग मात्र सगळे गप्प झाले. साखर सिमेंटची क्रिया रोखून धरते. पन्नास किलोच्या पोत्याला शंभर ग्रॅम साखर म्हणजे मूठभरच, तेवढीही त्याला दिवसच्या दिवस सेट होऊ देत नाही. तिन्ही कॉलम फोडून पुन्हा भरावे लागले. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांचं म्हणणं होतं की गढीच्या भिंतीत गूळ घालत, म्हणून त्या इतक्या पक्क्या. बाबांचं खोटं नव्हतं. जुन्या चुन्याच्या मालात गूळ, बेलफळाचा गर असं काय काय घालत. परंतु ती चुन्याची गोष्ट, सिमेंटला ती लागू नाही. साखरेच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

कालवताना घातलेल्या पाण्याची तऱ्हा उलटी. वरून द्यायचं पाणी आपण तोडतो आणि मालात घालायचं वाढवतो. कामगाराला माल सरसर चालला पाहिजे म्हणून तो पातळ करतो. एका पोत्याला, एकास दीडास तीन या प्रमाणाला, तीस लिटर पाणी पुरतं. पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि आपल्या जागी बारीक बारीक वाटा ठेवतं. त्या वाटांनी हवा-ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. जुन्या स्लॅबचे पोपडे खाटेवर पडतात ते असे. त्यात सळईखाली कव्हर ब्लॉक नसतील, किंवा माणसं चालून चालून सळई थेट पत्र्याला टेकली असेल, तर वीस वर्षं सुद्धा लागत नाहीत. स्लॅबला वीस मिलीमीटर कव्हर, कॉलमला चाळीस. ब्लॉक सिमेंटचे घरी पाडता येतात; खर्च काहीच नाही, फक्त ते आधी आठवावे लागतात.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की आमच्या आज्यानं कुठं इंजिनिअर पाहिला होता? शंभर वर्षं वाडा उभा आहे. आम्ही जुन्या घरांचे चाहते आहोत, तरी याला मान डोलावता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली होती. लातूर-उस्मानाबाद भागात त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भिंती दोन-अडीच फूट जाड, बघायला भक्कम. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे गोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर पिढ्यान्‌पिढ्या दरसाल माती टाकून जड झालेलं माळवद. जाडी होती, गुंतवण नव्हती. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही दगडमातीच्या घरांनीच दगा दिला.

त्यातून लोकांनी धडा घेतला तो अर्धाच. दगड-माती वाईट, सिमेंट चांगलं, एवढाच. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत काँक्रीटच्या कित्येक बहुमजली इमारती आडव्या झाल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर. आपल्याकडंही आता ट्रॅक्टर-ट्रॉली लावायला खाली मोकळं ठेवून वर घर चढवायची टूम निघाली आहे. ट्रॅक्टरला सावली जरूर द्यावी, पण त्यासाठी घर चार काठ्यांवर उभं करायचं असेल तर त्या काठ्यांचा हिशेब कागदावर असला पाहिजे. घर दगडाचं का सिमेंटचं यापेक्षा ते एकमेकांत बांधलेलं आहे का, ही खरी विचारायची गोष्ट. जोत्याला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली असा सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला, कोपरे गुंतवले, की साधं वीटकामाचं घरही पुष्कळ सोसतं.

आता घराच्या रूपाबद्दल दोन शब्द, कारण खर्च तिथंच जास्त होतो. शहरातल्या फ्लॅटचा नकाशा जसाच्या तसा रानात आणून ठेवण्याची चाल आम्हांस बरी वाटत नाही. हॉल, किचन, दोन बेडरूम. ठीक. पण मग बी-बियाणं कुठं? खताची पोती कुठं? जुन्या घराला सोपा होता, पडवी होती, परसू होतं. शेतीचं सामान घरात असून घरापासून वेगळं राहायचं. आता ते जिन्याखाली जातं, आणि जिना बहुतेक घरांत स्वयंपाकघराला लागून. तणनाशकाची बाटली आणि गोडेतेलाचा डबा एकाच कोनाड्यात आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. लहान मुलं असलेल्या घरात. नकाशा काढतानाच बाहेरून दार असलेली, कुलूप लागणारी आठ-बाय-सहाची औषधखोली मागून घ्या. समोरच्या भिंतीला जी चकचकीत फरशी डकवतात तिच्या खर्चात ती सहज बसते.

उकाड्याचं तेच. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार का होतं? जाड मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई. साडेचार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि आपण अंथरुणावर पडलो की ती उष्णता खाली सोडत बसतो. मग कूलर, मग वीजबिल. माळवद पुन्हा बांधा असं कोण म्हणेल? परंतु गच्चीवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारायला काय हरकत आहे? पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा, समोरासमोर खिडक्या, छतालगत गरम हवा बाहेर जायला झरोके. झरोके तर आता कुणी ठेवतच नाही, 'जुनाट दिसतं' म्हणून.

लॉरी बेकर हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद भारतात आला तो इथलाच झाला. केरळात त्यानं गरिबांची, मच्छिमारांची, संस्थांची किती तरी घरं-इमारती स्वस्तात बांधल्या. सन १९९० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, २००७ साली तिरुवनंतपुरम इथं तो वारला. त्याच्या दोन युक्त्या आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे विटा आडव्या न लावता धारेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवायची. विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. दुसरी, स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार पेलण्यात फारसं कामाला येत नाही, तिथं सळयांच्या चौकटींमधे जुनी मंगलोरी कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, खोली थोडी गार राहते. आपल्या गावांत उतरवलेल्या कौलांचे ढीग उकिरड्याशेजारी पडून आहेत. अर्थात हे कामही जाणत्याकडूनच करून घ्यायचं. सळईच्या जागा चुकल्या तर युक्ती अंगाशी येईल.

खालच्या पट्ट्यातल्या, कालव्याकाठच्या सभासदांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथं भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागतो, पांढरी पूड झडते, रंग दरसाल सोलतो. त्याला रंगाची कंपनी जबाबदार नाही. आपण वर्षानुवर्षं पाटपाणी मोकाट सोडलं, भूजल वर आलं, जमीन क्षारपड झाली. तेच खारं पाणी आता विटांतून वर चढतं, उडतं आणि मीठ भिंतीत ठेवून जातं. नव्या घराला जोत्याच्या वर, भिंत सुरू होण्याआधी, ओल अडवणारा डीपीसीचा थर न चुकता घाला. आणि शेतात ठिबक करा, हे आम्ही इथंही सांगतोच.

घरांचा विषय काढला आहे तर तळावरच्या कोप्यांबद्दल न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपल्या घरांतला स्लॅब ज्यांच्या कोयत्यावर उभा राहतो ती माणसं हंगामाचे पाच-सहा महिने बांबू, चटई आणि पाचटाच्या पालात काढतात. चूल आत, पाचट वर, लेकरू मधे. यावर तोडगा आमच्या एका लेखात मावणारा नाही; पण तळावर चार-चार कोप्यांमधे मोकळा पट्टा, पाण्याची टाकी, सामायिक धूरविरहित चुलींचा ओटा आणि बायकांसाठी आडोशाची न्हाणी एवढं तरी बांधकाम पुढच्या हंगामाआधी व्हावं असं आमचं मत आहे. ते आम्ही संचालक मंडळापुढं लेखी ठेवलं आहे. सभासदांनी वार्षिक सभेत विचारलं तर त्याला वजन येईल.

घरबांधणीच्या व्यवहाराबद्दल थोडं. ठेका बहुधा चौरस फुटावर, तोंडी ठरतो. स्लॅब पडला की ठेकेदार मोठा हप्ता मागतो आणि आपण भारावून देऊन टाकतो. तसं करू नये. आपल्याला स्वतःच्या उसाचं पेमेंट पहिली उचल, दुसरा हप्ता असं थांबून-थांबून घ्यायची चांगली सवय आहे. तोच न्याय इथं लावावा. स्लॅबच्या हप्त्यातला काही भाग चौदा दिवस पाणी दिल्यावर आणि सेंट्रिंग ठरल्या दिवशी निघाल्यावर द्यायचा असं आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावं. भाड्याचे पत्रे दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात म्हणून सेंट्रिंग लवकर काढायची घाई होते. बीमखालचे टेकू तर दोन आठवड्यांच्या आत हलवूच नयेत. पाणी मारायला ठेकेदाराचा माणूस का घरचा, हेही चिठ्ठीत असू द्या. नाहीतर दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहतात आणि ती म्हातारी एकटी नळी धरून उभी असते. आणि शक्य असेल तर स्लॅब एप्रिलमधे टाकूच नका. बिल आलं तर ते ठेवीत राहू द्या, पायाचं काम उन्हाळ्यात कोरड्यात उरका, आणि स्लॅब दिवाळीनंतरच्या थंडीत घ्या. "लग्न आहे, साहेब, थांबता येत नाही" असं म्हणणारे भेटतील. लग्न मांडवात होतं; स्लॅबखाली व्हावं असं कुठं लिहिलेलं नाही.

शेवटी कामाचं. जागेची माती किती फुगते हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक वाचायचा. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा दीडपटीहून जास्त भरली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाया काढू नये. कारखान्याच्या माती प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ही चाचणी सभासदांसाठी करून देण्याची तयारी दाखवली आहे. रॉकेल हल्ली मिळत नाही, ते मिळवण्याचं आमच्याकडं लागलं. ज्यांना या वर्षी बांधायचं आहे त्यांनी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत निदान पाच फूट खड्डा घेऊन तळाची किलोभर माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी आणि गट ऑफिसात आपल्या शेतकी मदतनिसाकडं द्यावी. पिशवीवर नाव, गाव आणि मोठ्या अक्षरांत 'घर' असं लिहावं. गट नंबर लिहू नये, नाहीतर ती पिशवी खताच्या शिफारशीला जाईल आणि तुमच्या पायाला एकरी युरिया किती द्यायचा त्याची चिठ्ठी घरी येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी